धार, मांडू, महेश्वर : मुलांसोबत दोन दिवस

'आपण मराठी, मग इंदूरला कसे आलो?' हा प्रश्न आपल्या घरांतली मुलं कधी ना कधी विचारतातच. उत्तर सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे, कारण ते शंभर किलोमीटरच्या आतबाहेर उभं आहे. शनिवार-रविवार पुरतो. मात्र उज्जैन, ओंकारेश्वर याच सहलीत कोंबू नका. तीनच गावं घ्या आणि तीही याच क्रमाने.

शनिवार. पोहे खाऊन सकाळी सातला निघा. धारपर्यंतच्या वाटेवर मुलांना अमझेऱ्याची गोष्ट सांगा. धारजवळच्या या गावी नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. पुढे पवार, होळकर, शिंदे माळव्यात स्थिरावले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक यांची कुटुंबं आली. धार पवारांचं. इथल्याच किल्ल्यात १७७५ मध्ये दुसरे बाजीराव जन्मले.

पुढे पस्तीसेक किलोमीटरवर मांडू. हे त्याआधीचं पर्व, माळव्याच्या सुलतानांचं. दुपारच्या उन्हात होशंगशाहाचा संगमरवरी मकबरा पाहा, मग दोन तलावांमधला जहाजमहाल. रूपमती मंडप शेवटी ठेवा. हवा स्वच्छ असेल तर तिथून दूरवर नर्मदेची रेघ दिसते. सूर्यास्तानंतर आत सोडत नाहीत, म्हणून चारच्या सुमारास पोहोचा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटातून पंधरा वर्षांखालील मुलांना सूट आहे. वाटेत खुरासानी इमली जरूर चाखा. पावसाळ्यात मांडूला गर्दी उसळते, तेव्हा मुक्कामाची खोली आधीच ठरवा.

रविवार. लवकर निघालात तर घाट तापण्याआधी महेश्वर गाठता येतं. चौंडीची लेक अहिल्याबाई यांनी १७६७ ते १७९५ इथून राज्य चालवलं. मुलं महाल शोधतील. त्यांना दिसेल लाकडी खांबांचा साधा वाडा. हा साधेपणा मुद्दाम दाखवा. मग हातमागावर महेश्वरी साडी विणताना पाहू द्या. किल्ल्यावरून नदीकडे उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच सावलीत बसवा. पाण्याजवळ लहान मुलांचा हात सोडू नका.

तीनपर्यंत परतीला लागा. मानपूरकडचा घाट अवजड ट्रकांचा आहे, तो उजेडातच पार करावा.

उरलेली गोष्ट घरी आल्यावर, राजवाड्यासमोर. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. आजी-आजोबांना विचारा, आपल्या घरातलं पहिलं माणूस इथे कधी आणि कशासाठी आलं. ते वहीत लिहून ठेवा. हे कुठल्याही फलकावर सापडणार नाही.