रजनीच्या अल्याडची आणि पल्याडची प्रिया

1985 साली घरातल्या टीव्हीवर दूरदर्शन एवढंच होतं आणि घराबाहेर प्रत्येक गोष्टीला रांग होती. गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, टेलिफोनसाठीही तसंच. सिलिंडर आला तर आणणाऱ्याची मर्जी सांभाळायची. टॅक्सीवाल्यानं नकारार्थी मान हलवली की मुकाट्यानं पुढच्या टॅक्सीला हात करायचा. कुणाशी भांडायचं म्हटलं तर घरचेच म्हणणार, ‘जाऊ दे गं, कशाला नादी लागतेस?’ बासू चटर्जींची ‘रजनी’ ही मालिका आली ती अशा दिवसांत. साडी नेसलेली, कपाळावर टिकली लावलेली ही गृहिणी ‘जाऊ दे’ म्हणायला तयार नसायची. गॅस एजन्सीत जाऊन ती जाब विचारायची. समोरचा आवाज चढवू लागला तरी तिची नजर ढळायची नाही. नवऱ्याची (ही भूमिका करण राजदान करायचा) चुळबुळ चालू असायची आणि हिचा पुढचा प्रश्न तयार असायचा.

टॅक्सीवाल्यांच्या अरेरावीवरचा भाग दाखवला गेला, तेव्हा चिडलेल्या टॅक्सीचालकांनी मुंबईत दूरदर्शनवर मोर्चा नेला. एका काल्पनिक बाईच्या विरोधात खऱ्या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं, हे त्या मालिकेचं आणि रजनी साकारणाऱ्या प्रिया तेंडुलकरचं यश होतं. लोक तिला रस्त्यात थांबवून आपली गाऱ्हाणी सांगत. समोर उभी आहे ती नटी आहे, याचा त्यांना विसर पडे.

रजनी काही आभाळातून पडली नव्हती. 1972 साली मुंबईच्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे थाळ्यांवर लाटणी बडवत महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. घरोघरचे गट करून महिन्याचं वाणसामान रास्त भावात वाटण्याचं तिचं काम आजही चालू आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणावर बायकांनीच उचलला आहे. मालिका हिंदी, दिग्दर्शक बंगाली. पण रजनीचा तो कणखर स्वर दादर-गोरेगावच्या बायकांनी आधीच लावून ठेवलेला होता. मालिकेनंतर वर्षभरात, 24 डिसेंबर 1986 रोजी, ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. वकील न देता स्वतः तक्रार मांडता येईल असे मंच जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर आले. मालिकेमुळे कायदा झाला असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. त्यामागे कार्यकर्त्यांची कितीतरी वर्षं खर्ची पडली होती. मात्र तक्रार करणं हा चारचौघांत लाज वाटण्याचा प्रकार नाही, हे लाखो घरांत ज्या चेहऱ्यानं पोचवलं तो प्रियाचा होता.

हा चेहरा ज्या घरातला, ते नाटककार विजय तेंडुलकरांचं घर वादांत वाढलेलं. प्रियाचा जन्म 19 ऑक्टोबर 1954चा. वडिलांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली रंगमंचावर आलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यांच्याच ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या दोन नाटकांवरून महाराष्ट्र पेटला तेव्हा ती कॉलेजच्या वयाची होती. ‘शांतता!’मधल्या बेणारेबाईंना खेळातल्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं आणि भोवतीची सभ्य माणसं एकेक प्रश्न विचारून त्यांना सोलून काढतात. अठरा वर्षांनंतर त्याच नाटककाराची मुलगी घराघरांत शिरली ती प्रश्न विचारणारी बाई होऊन. हा योग कुणी आखून जुळवलेला नव्हता. पण वडिलांचं नाटक आणि मुलीची मालिका शेजारी ठेवून पाहिली, की या शहरातल्या मध्यमवर्गीय बाईनं मधल्या काळात किती वाट तुडवली ते दिसतं.

प्रियाची स्वतःची वाटही सरळ नव्हती. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका अशी कामं तिनं केली. पडद्यावर ती आली श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये, 1974 साली. जमीनदाराच्या पोराची, अनंत नागची, कोवळ्या वयाची बायको सरू तिनं केली. शबाना आझमीनं केलेल्या लक्ष्मी या मोलकरणीपुढे ही भूमिका लहान, म्हणून तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. सरू सासरच्या घरात पाऊल टाकते आणि नवऱ्याचं नि लक्ष्मीचं काहीतरी आहे हे ताडते. ती लक्ष्मीला घरात टिकू देत नाही. सत्ता हाती नसलेली मुलगी आपल्याहून दुबळ्या बाईवर सत्ता कशी गाजवते, ते प्रियानं भुवयांच्या हालचालींवर आणि बंद ओठांवर पेललं आहे. मला तिचं हे काम रजनीइतकंच मोलाचं वाटतं. पुढे ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’, ‘मुंबईचा फौजदार’ असे मराठी चित्रपट झाले. त्यांतल्या बहुतेकांनी तिच्याकडून फार काही मागितलं नाही.

‘रजनी’नंतर मागणी आली ती पुन्हा रजनीचीच. वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ मालिकेत तिला मध्यवर्ती भूमिका मिळाली, ‘मोहरा’ आणि ‘गुप्त’सारख्या हिंदी चित्रपटांत छोटी कामं मिळाली. त्यात 1995 साली सुरू झालेली ‘हम पांच’ वेगळी ठरली. अशोक सराफ घरधनी, शोमा आनंद त्यांची दुसरी बायको, पाच मुली आणि भिंतीवर वारलेल्या पहिल्या बायकोची तसबीर. ती पहिली बायको म्हणजे प्रिया. तसबिरीच्या चौकटीत बसून ती नवऱ्याला टोमणे मारते, सल्ले देते. नटाची सगळी हत्यारं काढून घेतलेली. चालणं नाही, हातवारे नाहीत, समोरच्या नटाला स्पर्श नाही. उरला चेहरा आणि आवाज, आणि तेवढ्यावर तिनं अशोक सराफांच्या विनोदाच्या वेळेला तोडीस तोड वेळ साधली. संताप हा जिचा शिक्का झाला होता, तिला विनोदाची किती जाण होती ते इथे कळलं.

त्याच दशकात खासगी वाहिन्यांवर तिच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम आला, ‘जिम्मेदार कौन’ आला. चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या विषयांवर सामान्य माणसं तिच्यापुढे बोलली. इथे पटकथा नव्हती. समोरच्याचं दुखणं अर्ध्या तासात मिटणार नव्हतं. रजनीच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी कुणीतरी माफी मागे. या कार्यक्रमात प्रश्न उघडे राहत आणि प्रिया ते उघडे राहू देई.

तिच्यातल्या लेखिकेशीही हे जुळतं. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘असंही’, ‘पंचतारांकित’ ही तिची पुस्तकं. आपल्याकडे नटीनं लिहिलेलं पुस्तक कौतुकानं हातात घेतात आणि कौतुकानंच बाजूला ठेवतात. त्यात आडनाव तेंडुलकर, म्हणजे तुलना वडिलांशी. या दोन्ही गोष्टींनी तिच्या लेखनाचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. गौरी देशपांडे, सानिया यांच्याबरोबरीनं त्या काळच्या लिहित्या बायकांविषयी बोलताना प्रियाचं नाव क्वचितच निघतं. निघालं तरी ‘रजनी’ची शेपटी जोडून निघतं.

2001 मध्ये तिचा भाऊ राजा गेला आणि आई निर्मलाताईही गेल्या. ती स्वतः स्तनाच्या कर्करोगाशी दीर्घकाळ झुंजत होती. 19 सप्टेंबर 2002 रोजी मुंबईत तिचं निधन झालं. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. विजय तेंडुलकर त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं जगले.

‘रजनी’चा विषय निघाला की पन्नाशी ओलांडलेली माणसं आजही गॅसवाल्याची गोष्ट सांगतात. त्यांनी ती जरूर सांगावी. पण नाट्यशास्त्राच्या वर्गात ‘अंकुर’मधली सरू दाखवली जावी, आणि एखाद्या प्रकाशकानं प्रियाचं सगळं गद्य नीट संपादून, कालक्रमानं लावून, वडिलांच्या नावाचा आधार न घेता छापावं. स्त्रियांच्या कथेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधासाठी ते लागणार आहे.