ट्रॅकवरचा पिवळा दिवा आणि ‘समृद्धी’वरचा टायर

नाशिक : शर्यतीच्या ट्रॅकवर स्पोर्ट्‌स कार उतरताच हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला, म्हणजे टायर पंक्चरच झाला असे नाही. वेग, ब्रेक आणि वळणे यांमुळे टायर तापतो. आतील हवेचे तापमान 10 अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. तो प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून जाणकार चालक थंड टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात. यंत्रणेला हा हेतू कळत नाही. ती इशारा देते. टायर तापल्यावरही एकाच चाकाचा दाब घसरत राहिला, तर मात्र तात्काळ पिटमध्ये परतावे.

घरी निघताना हवा पूर्ववत भरणे अत्यावश्यक, कारण रस्त्याचा हिशेब वेगळा आहे. सिन्नर, इगतपुरी तालुक्यांतून जाणाऱ्या आणि 2022 ते 2025 या काळात टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. तेथे हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू तासन्‌तास दुमडत राहतात, तापतात आणि अखेर टायर फुटतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडणे हा तर जुनाच गैरसमज. टायर थंड झाला की दाब आणखी खाली येतो. दाब मोजावा तो सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी.