पिठाच्या गिरणीशेजारचे पाटील

इचलकरंजीत राहत असाल, तर यंत्रमागाचा खडखडाट तुम्हाला झोपेतही ऐकू येत असेल. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून हे गाव गप्प म्हणून बसलेलं नाही!

आज एक गंमत करा. थोडासा कापूस घेऊन ओढा. लगेच तुटला ना? आता दुसरा घ्या, त्याला चांगला पीळ द्या आणि मग ओढून बघा.

असलं पिळाचं सूत तुमच्या अंगातही आहे. त्याचं नाव कोलॅजन. कातडी, हाडं, हिरड्या, सगळीकडे तेच. त्यात तीन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात, ही रचना १९५४ मध्ये मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली.

यातला प्रत्येक धागा म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. दर तिसरा मणी ग्लायसिन. तो सगळ्यात बारका, म्हणून तिन्ही धाग्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तोच मावतो. दुसरा नेहमीचा मणी प्रोलिन. एक विकर, म्हणजे एन्झाइम, यातल्या ठरावीक प्रोलिनना ऑक्सिजनचा एकेक अणू जोडतं. त्यामुळे पीळ घट्ट राहतो.

पण माळेत प्रोलिन शेकडो! नेमके कोणते निवडायचे? विकराला डोळे नाहीत, हातात यादीही नाही. गल्लीत चार पाटील असले, की पोस्टमन काय विचारतो? ‘पिठाच्या गिरणीशेजारचे पाटील कुठले हो?’ विकराचंही तसंच. त्याच्या अंगावर एक खोबण असते. ज्या प्रोलिनच्या लगेच पुढे ग्लायसिन असतं, तोच तिच्यात नीट बसतो. ग्लायसिनच्या लगेच मागून येणारा प्रोलिन तसाच राहतो. आणि हे काम पीळ बसायच्या आधीच उरकावं लागतं. एकदा धागे वळले, की माळ खोबणीत शिरतच नाही.

त्या खोबणीत लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो कधीकधी गंजल्यासारखा होतो, आणि त्याला पुन्हा कामाला लावतं क जीवनसत्त्व. ते मिळालं नाही, तर नव्या कोलॅजनचा पीळ अंगाच्या उबेनंच सुटतो. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलू लागतात. हाच स्कर्व्ही.

शेळीचं शरीर क जीवनसत्त्व स्वतःच बनवतं. आपल्याला मात्र त्यासाठी आवळे, पेरू नि लिंबं खावी लागतात.