जिताड्याच्या गळाला किती शिसं?

कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिथे साळावच्या बाजूच्या खडकावर बसून माझे मामा गरवत असत. शेजारी दोरा गुंडाळलेली लाकडी फळी, करवंटीत जिवंत कोळंब्या आणि तपकिरीची पत्र्याची डबी. डबीत तपकीर नसे, शिशाच्या गोळ्या असत. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, आणि प्रत्येकीला मधोमध एक फट. मामा फटीत तंगूस बसवायचे, गोळी दाढेखाली धरायचे आणि कचकन दाबायचे. मग बाजूला थुंकायचे. पाण्याची ओढ वाढली की आणखी एक गोळी, ओढ मंदावली की नखाने फट उकलून एक कमी. तासाभरात चार वेळा तरी हा उद्योग चाले.

एकदा मी विचारलं, "मामा, एकच मोठं शिसं का नाही बांधत?"

"मोठं बांधलंस तर शिंगाळी येईल. जिताडा नाय यायचा."

हे खरं आहे का, आणि खरं असेल तर का, या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं घालवली. मत्स्यशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वाचनालयांतली पुस्तकं, खाडीवरची माणसं आणि घरातला सोनाराचा जुना तराजू एवढ्या भांडवलावर जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. त्यात शेवटी असं काही निघालं की ते मामांच्या हयातीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

आधी माशाचं तोंड बघू. जिताड्याला लॅटिन नाव मिळालं १७९० साली, ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाकडून. ते आज लेट्स कॅल्कॅरिफर असं लिहितात. इंग्रजीत तो एशियन सी बास, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. आपल्याकडे तो समुद्र, खाडी आणि गोडं पाणी या तिन्ही ठिकाणी वावरतो. त्याची पिल्लं भरतीबरोबर उघाडीतून खारबंदिस्तीच्या आत शिरतात. अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडकडच्या शेततळ्यांतले जिताडे प्रसिद्ध आहेत ते या सवयीमुळेच. तरुणपणी तो नर असतो आणि मोठा झाल्यावर बहुतेक वेळा मादी होतो. म्हणजे ताटात आलेली मोठी तुकडी बहुधा आईची असते. हे ऐकून आमच्याकडे एका पाहुण्याने हात आखडता घेतला होता, पण तेवढ्यापुरताच.

आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते त्याचं खाणं. जिताडा भक्ष्य चावून धरत नाही, ओढून घेतो. तो जवळ येतो, जबडा एकदम फाकवतो, तोंडाच्या पोकळीत पाणी वेगाने शिरतं आणि त्या पाण्याबरोबर कोळंबी आत जाते. रात्री खाडीत 'टप्प' असा आवाज येतो तो याचाच. शिंगाळीचं तसं नाही. ती तळाशी मिशांनी चाचपत फिरते, पडलेलं उचलते. आता कोळंबीला चिकटूनच वजनदार शिसं असेल तर काय होईल? जिताड्याने ओढलेलं पाणी आत जाईल, पण कोळंबी मागे राहील, किंवा अर्धीच जाईल आणि माशाला जडपणा जाणवेल. शिंगाळीला या जडपणाचं सोयरसुतक नाही. मामांचं वाक्य इथे बरोबर ठरतं.

म्हणून दोन गोष्टी आल्या: वजन लागेल तेवढंच हवं, आणि ते गळापासून लांब हवं. फटीची गोळी गळापासून वीतभर ते हातभर वर दाबली की गोळी तळाजवळ राहते आणि आमिष तिच्यापुढे पाण्याच्या लहरीवर मोकळं हलतं. साध्या गोळीचं सगळं शहाणपण त्या मधल्या मोकळ्या तंगुसात आहे.

अमेरिकेत हीच युक्ती रबरी किड्यासाठी वापरतात. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचा किडा बाजारात आणला. त्यावर तिथल्या तळ्यांतला लार्जमाउथ बास इतका भुलला की त्या किड्याभोवती मासेमारीची एक शाखाच उभी राहिली. तो बास आपल्या जिताड्याचा सख्खा नव्हे, चुलतही नव्हे; पण तोही भक्ष्य ओढूनच घेतो. त्यामुळे तिथली गोळी-किड्याची मांडणी इथेही लागू पडते. अलिबाग-मुंबईच्या दुकानांतून हे किडे आता मिळतात. माझा अनुभव असा, की खारबंदिस्तीच्या आतल्या स्वच्छ, स्थिर तळ्यात किडा चालतो. गढूळ खाडीत जिवंत कोळंबीपुढे तो फिका पडतो. जिताडा गढूळ पाण्यात भक्ष्याची चाहूल अंगावरच्या संवेदी रेषेने घेतो, आणि कोळंबीची फडफड प्लास्टिकला येत नाही.

आता 'लागेल तेवढंच' म्हणजे किती? तळ्यात याचं उत्तर सोपं आहे, एक गोळी पुरते. खाडीत ते दर तासाला बदलतं. आपल्याकडचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण भरतीची वेळ कळली म्हणजे ओढ कळली असं नाही. सुकतीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. या सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की दोऱ्यावरचा त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. पहिल्या तासाला पुरलेली गोळी तिसऱ्या तासाला पाण्यावर तरंगल्यासारखी वाहून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक फार, अष्टमीच्या भांगाला कमी. दोरा न तोडता वजन वाढवता-घटवता येणारी गोळी अशा पाण्यासाठीच जणू बनवली आहे. मामा तासात चार वेळा दात का वापरायचे ते या हिशेबाने कळतं.

आणि शिसंच का? एक घन सेंटिमीटर शिशाचं वजन ११.३४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात प्रत्येक वस्तू आपण हटवलेल्या पाण्याइतकी हलकी होते, म्हणून १० ग्रॅम शिसं पाण्यात ९.१ ग्रॅम भरतं. १० ग्रॅम लोखंड ८.७ ग्रॅम भरतं, आपला काळा दगड साधारण साडेसहा आणि विटेचा तुकडा साडेचारच्या आसपास. दगड-विटेचा आकारही मोठा, म्हणून पाणी त्यांना जास्त ढकलतं. शिवाय शिसं मऊ, दातांनी दबतं, नखाने उकलतं, आणि ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवरही. एवढे गुण एका धातूत असल्यावर कोळ्याने दुसरं काही का शोधावं?

या गोळ्या मुळात बंदुकीच्या छऱ्याच्या. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये उंचावरून चाळणीतून वितळलेलं शिसं पाडून गोल छरे करण्याचं पेटंट घेतलं. पडता पडता थेंब गोल होतो आणि खालच्या पाण्यात थिजतो. गरवणाऱ्यांनी तेच छरे सुरीने चिरून वापरले. गोळ्यांच्या मापांची इंग्रजी नावं आजही छऱ्यांचीच आहेत.

याच ब्रिटनमध्ये नद्यांवरचे हंस मरू लागले. हंस अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतात. खड्यांबरोबर गोळ्याही जात. पोटातल्या आम्लात शिसं विरघळायचं, हंसाची मान लुळी पडायची आणि तो उपाशी मरायचा. १९८३ साली तिथल्या रॉयल कमिशनने शिशावर अहवाल दिला आणि १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या गरवण्याच्या शिशाची विक्री बंद झाली. त्यानंतर हंसांची संख्या वाढली. कॅनडाने १९९७ मध्ये आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालच्या शिशाला मनाई केली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हंस दिसले नाहीत, मामांची दाढ दिसली. आणि मग आमची पडवी. आजोळी पागाला लागणारं शिसं घरीच ओतायचे. भंगारातल्या बॅटरीच्या पट्ट्या, टायरच्या दुकानातून आणलेली चाकांची वजनं लोखंडी पळीत टाकून चुलीवर ठेवायची. वर राखाडी साय यायची, ती चमच्याने काढून दारातच झटकायची. आम्ही पोरं उकिडवी बसून बघायचो, कारण साय काढल्यावर खाली आरशासारखी चकाकी दिसते. त्या वयात यापेक्षा सुंदर काही पाहिलं नव्हतं.

लोक धुराला घाबरतात. नुसतं वितळण्यापुरतं तापवलं तर शिशाची वाफ फार होत नाही. जास्त तापवलं की होते. खरी वाईट ती राखाडी साय. ते शिशाचं ऑक्साइड, पिठासारखं बारीक. ते हाताला, कपड्याला, अंगणाच्या मातीला लागतं आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची सुरक्षित अशी मात्रा माहीत नाही, आणि लहान मूल गिळलेल्या शिशाचा मोठ्या माणसापेक्षा चार ते पाच पट हिस्सा अंगात घेतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. बॅटरीचं शिसं तर दुहेरी वाईट: त्याला गंधकाम्ल लागलेलं असतं, आणि अँटिमनीमुळे ते कडक असल्याने फटीच्या गोळीला नीट दबतही नाही, तंगूस कापतं.

मामांना शिशाने काही झालं असं मी म्हणत नाही. तसं तपासलंच नाही कुणी. मला बोचतं ते वेगळं आहे. मी स्वतः माझ्या भाच्याला, तो आठ वर्षांचा असताना, गोळी दाढेखाली कशी दाबायची ते कौतुकाने शिकवलं होतं. तेव्हा हे वाचून मला दोनेक वर्षं झाली होती. वाचलेलं आणि हाताला लागलेलं यांची गाठ पडायला एवढा वेळ लागला.

पर्याय आहेत. कथलाच्या गोळ्या मऊ आणि दाबायला सोप्या, पण शिशापेक्षा हलक्या. टंगस्टन शिशाहून खूप जड, १९.३, पण किंमत ऐकून कोळी हसतो. माझ्या मते खाडीसाठी सगळ्यात बरा पर्याय लोखंडी नट. सहा मिलिमीटर बोल्टचा नट सुमारे अडीच ग्रॅम, आठचा पाच ग्रॅम. १० ग्रॅम शिशाची गोळी १२ मिलिमीटर व्यासाची असते, लोखंडाची साडेतेरा. एवढ्या फरकाने पाण्यात काही बिघडत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक रिंग कापायची, नटातून ओवायची आणि तंगुसावर तिचा फास द्यायचा. फास सरकवता येतो, सोडवता येतो, तंगूस कापला जात नाही. तिवराच्या मुळात अडकला तर रबर तुटतं, नट जातो आणि गळ परत येतो. गोळीच्या बाबतीत बहुतेकदा सगळंच जातं. खोट एवढीच, की अंधारात ओल्या बोटांनी फास द्यायला गोळी दाबण्यापेक्षा वेळ लागतो, आणि नट गंजतात. मी ते खोबरेल लावून ठेवतो.

ज्याच्याकडे शिसंच आहे त्याने निदान गोळी पक्कडीने दाबावी, आधी तंगूस ओला करावा, आणि डबी जेवणाच्या पिशवीत ठेवू नये. ओतायचं काम घरात, चुलीवर करू नये.

मामांची तपकिरीची डबी माझ्याकडे आहे. तीत अजून मूठभर गोळ्या आहेत, काहींवर दातांच्या खुणा. भाचा आता गरवायला येतो तेव्हा तिसऱ्या तासाला हात पुढे करतो आणि म्हणतो, "मामा, एक आठचा नट द्या."