माहितीचे तक्ते आणि न सापडणारे मूल

नोंदवह्या भरणे हा शिक्षकाच्या कामातील रूक्ष भाग होय, अशी समजूत आपल्यांत रूढ आहे. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, शिष्यवृत्तीची यादी, पोषण आहाराची वही या साऱ्यांत तीच ती नावे लिहून हात दुखतो. आणि आता तीच माहिती संगणकावरही भरावी लागते. परंतु या माहितीची मांडणी कोणत्या तत्त्वावर होते आणि तिला प्रश्न कसा विचारावा, हे एकदा ध्यानात आले, म्हणजे या कामाचा हेतू स्पष्ट होतो. त्या तत्त्वाचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

संगणकात माहिती साठविण्याच्या या पद्धतीस ‘रिलेशनल डेटाबेस’, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा संग्रह, असे म्हणतात. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली आयबीएम कंपनीत काम करीत असताना तिचा सिद्धांत मांडला. पुढे १९७४ साली त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. ‘एसक्यूएल’ या नावाने ती आज जगभर वापरली जाते.

मूळ तत्त्व साधे आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा. मुलाची जन्मतारीख पाच वह्यांत लिहिली, की तिची पाच रूपे होण्याचा संभव असतो. मग कोणते खरे, हा वाद दाखला देण्याच्या दिवशी उपस्थित होतो. यास्तव ‘विद्यार्थी’ या तक्त्यात क्रमांक, नाव, जन्मतारीख व इयत्ता लिहावी. ‘हजेरी’ या तक्त्यात नाव लिहू नये. क्रमांक, महिना व हजर दिवस एवढेच लिहावे. हा क्रमांक म्हणजे दोन तक्त्यांना जोडणारी किल्ली होय. नाव हे किल्लीचे काम करू शकत नाही, कारण एका नावाची मुले अनेक असतात आणि एकाच मुलाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते. शाळांचेही तसेच. ‘आदिवासीवाडी’ नावाच्या शाळा कितीतरी असतात. म्हणूनच प्रत्येक शाळेस अकरा अंकी यूडायस क्रमांक दिलेला आहे. त्यातील पहिले २७ हे अंक महाराष्ट्राचे व पुढील २४ हे रायगड जिल्ह्याचे.

आता प्रश्न विचारण्याची रीत पाहू. संगणकावर हे शब्द रोमन लिपीत टंकावे लागतात. येथे सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.

सिलेक्ट नाव
फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर इयत्ता = ३;

म्हणजे ‘विद्यार्थी या तक्त्यातून, ज्यांची इयत्ता तिसरी आहे, त्यांची नावे निवडा.’ काय हवे, कोठून हवे आणि कोणत्या अटीवर हवे, या तीन गोष्टी ज्यास नेमक्या सांगता येतात, त्यास ही भाषा निम्मी आली असे समजावे.

यापुढील गोष्ट आपल्या पेण व रोहा तालुक्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. भातकापणी आटोपली आणि दिवाळी सरली, की येथील कातकरी वाड्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर कामास जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात.

उदाहरणादाखल तिसरीच्या वर्गात तीनच मुले आहेत असे मानू. क्रमांक ४१० वामन, ४११ सुनंदा व ४१२ जनी. जानेवारीच्या हजेरीत वामनचे २१ दिवस व सुनंदाचे १९ दिवस नोंदलेले आहेत. जनी भट्टीवर गेली आहे; तिची ओळच हजेरीत नाही. आता दोन्ही तक्ते नेहमीच्या ‘जॉईन’ने जोडून आपण सरासरी हजेरी विचारली, तर संगणक २० हे उत्तर देईल. वर्गाची स्थिती समाधानकारक आहे, असा आपला समज होईल. वास्तविक वर्गाचा तिसरा हिस्सा शाळेबाहेर आहे! संगणकाची यात चूक नाही. ज्या क्रमांकाची जोडी दोन्ही तक्त्यांत सापडते तेवढ्याच ओळी ‘जॉईन’ देते. जिची जोडी सापडत नाही ती जनी उत्तरातून मुकाट्याने गळते.

तेव्हा प्रश्नच पालटला पाहिजे. ‘लेफ्ट जॉईन’ या जोडणीत डावीकडील, म्हणजे आधी नाव घेतलेल्या, तक्त्यातील एकही ओळ गळत नाही. जोडी न सापडल्यास तेथे ‘नल’, म्हणजे ‘नोंद नाही’, अशी खूण येते.

सिलेक्ट विद्यार्थी.नाव
फ्रॉम विद्यार्थी लेफ्ट जॉईन हजेरी
ऑन विद्यार्थी.क्रमांक = हजेरी.क्रमांक
अँड हजेरी.महिना = 'जानेवारी'
व्हेअर विद्यार्थी.इयत्ता = ३
अँड हजेरी.क्रमांक इज नल;

याचे उत्तर एकच येईल : जनी. महिन्याची अट मात्र ‘ऑन’च्या भागातच असावी. ती ‘व्हेअर’मध्ये घातली, तर नल असलेली ओळ त्या अटीत न बसल्यामुळे जनी पुन्हा नाहीशी होईल.

‘नल’ आणि शून्य यांतील भेदही जाणून घ्यावा. शून्य म्हणजे ती एकही दिवस शाळेत आली नाही, हे आपणांस ठाऊक आहे. नल म्हणजे आपणांस ठाऊक नाही. कदाचित जनी भट्टीजवळच्या दुसऱ्या शाळेत बसतही असेल. रकाना रिकामा दिसतो म्हणून तेथे शून्य भरणे ही खोटी नोंद होय.

दुसऱ्या शाळेतील जनी शोधण्यास आपल्या रजिस्टरातील ४१२ हा क्रमांक उपयोगी पडत नाही, कारण तेथे ४१२ हे दुसरेच मूल असते. त्यासाठी सर्व शाळांत एकच राहणारा क्रमांक हवा. महाराष्ट्रात २०१५ साली सुरू झालेल्या ‘सरल’ प्रणालीत व पुढे देशभरच्या ‘यूडायस प्लस’मध्ये विद्यार्थ्यास असा कायम क्रमांक दिला गेला. यूडायस प्लसमधील क्रमांकास ‘पेन’ म्हणतात. आपल्या पेण गावाशी त्याचा संबंध नाही! परत आलेल्या मुलास नवा समजून नवा क्रमांक देणे म्हणजे त्याचा मागचा सारा इतिहास तोडणे होय. म्हणून आधी जुना क्रमांक शोधावा. दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश मात्र अडवू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने तशी स्पष्ट तरतूद केली आहे.

नोंदी बदलण्याविषयी एक सूचना. ‘अपडेट’ ही आज्ञा देताना ‘व्हेअर’ची अट विसरली, तर एका मुलाची जन्मतारीख सर्व मुलांना लागते. यास्तव तीच अट घालून प्रथम ‘सिलेक्ट’ करावे, एकच ओळ येते याची खात्री करावी आणि मगच बदल करावा.

शासकीय संकेतस्थळावर या आज्ञा आपणांस स्वतः लिहिता येत नाहीत. तेथील तयार नमुनेच आपल्या वतीने प्रश्न विचारतात. तथापि ‘एसक्यूलाइट’ हे विनामूल्य साधन साध्या संगणकावरही चालते. त्यात कल्पित नावांचे दोन लहान तक्ते करून सराव करावा. ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही ही रीत अडत नाही. जानेवारीत जनरल रजिस्टर डावीकडे व हजेरीपत्रक उजवीकडे ठेवून एकेक क्रमांक ताडून पाहावा. ज्याची जोडी मिळत नाही त्याचे नाव वेगळ्या कागदावर उतरवावे, तो कागद घेऊन वाडीवर जावे आणि मूल कोणत्या गावच्या भट्टीवर गेले आहे ते विचारून तेथील शाळेस कळवावे. तक्त्यांची ही सारी विद्या त्या एका कागदासाठी आहे.