उसातली साखर आणि आपला हिशेब

गावाकडे ऊस असलेल्या आपल्या कुटुंबांत दिवाळीनंतर फोनवर एकच विषय असतो: तोड कधी मिळणार? तोड लांबली तर नुकसान नेमके कशाचे होते, हे कळण्यासाठी आधी साखर कांडीत कशी येते ते पाहू.

साखर तयार होते पानात. पानाजवळच्या रसवाहिन्यांत ती भरली की पाणी तिकडे ओढले जाते, दाब वाढतो आणि रस कांडीकडे सरकतो. (विहिरीवरच्या मोटारीप्रमाणे येथे वीज जाण्याची भीती नाही!) कोवळा ऊस ही साखर मुळे, पाने व नव्या कांड्या वाढवण्यात खर्च करतो. थंडी पडली, पाणी व नत्र बेताचे झाले की वाढ मंदावते आणि साखर साठू लागते, खालच्या कांड्यांत आधी. उशिरा युरिया दिलेला ऊस म्हणूनच हिरवागार दिसतो, वजनही भरतो, पण गोडीला कमी पडतो.

आयर्लंडात साखर बीटपासून होत असे. कार्लोचा कारखाना १९२६ साली सुरू झाला व २००५ मध्ये बंद पडला; मॅलोचा २००६ मध्ये. बीट पहिल्या वर्षी मुळात साखर साठवते आणि दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यावर उधळते. उसाचेही तसेच आहे. तुरा आला की नवी कांडी धरत नाही. काही आठवडे गोडी टिकते, पुढे पांगशा फुटतात, ऊस आतून पोकळ पडतो. तोडलेल्या उसात तर साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते आणि वजनही घटते. म्हणून तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हावे.

आता पैसे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास एफआरपी टनाला ३,५५० रुपये. त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये जादा. तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते. गंमत अशी की उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा सरासरी, वजन मात्र ज्याचे त्याचे. त्यामुळे तोड लांबली तर साखरेची तूट सर्वांत वाटली जाते, वजनाची तूट एकट्या आपल्या माथी येते.

तेव्हा भावाला नुसता दर विचारू नये. लागणीची तारीख कोणती, तुरा आला का, तोडल्यावर ऊस किती तासांनी काट्यावर गेला, हे विचारावे. आणि लागणीची नोंद कारखान्याकडे वेळेवर झाली ना, तेही. तोडीचा क्रम त्या नोंदीवरूनच लावतात.