हाडांची शिल्लक तिशीपर्यंतच!

म्हातारपणी पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की आपण म्हणतो, 'वय झाले.' परंतु त्या हाडाचा कच्चेपणा पुष्कळदा तरुणपणातलाच असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आम्ही पडलो कारकून. म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. ते सतत झिजते आणि नव्याने भरते. तरुणपणी जमा जास्त, खर्च कमी. सुमारे ९० टक्के शिल्लक १८ ते २० वर्षांपर्यंतच पडते. तिशीनंतर हळूहळू खर्चाची बाजू वाढते. पाळी गेल्यावर तर स्त्रियांची शिल्लक झपाट्याने उतरते.

ही जमा वाढते कशाने? हाडावर भार पडल्याने. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अवकाशात भारच नसतो, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होते. तेव्हा दोरीवरच्या उड्या, धावणे, कबड्डी, खो-खो, लंगडी, जिने चढणे हाच हाडांचा खरा व्यायाम. पोहणे व सायकल इतर दृष्टीने उत्तम. पण त्यांत हाडांवर भार कमी पडतो.

'आम्ही कष्टकरी, आम्हाला व्यायाम कशाला?' असे कोणी म्हणेल. पण आजची आपली मुले शिलाई मशीनवर, रिक्षात, संगणकापुढे बसूनच राबतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला ऊन मिळत नाही आणि उन्हावाचून ड जीवनसत्त्व पुरेसे होत नाही. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियमही अंगी लागत नाही. त्यात विडी, तंबाखू आणि दारू हाडे पोखरतात.

कॅल्शियमसाठी महागड्या डब्यांची गरज नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळते. तीळ, शेवग्याचा पाला, दूध-दही, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकट यांतूनही मिळते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते मुलींचे. पाळी सुरू झाली की 'आता मोठी झालीस' म्हणून त्यांचे खेळणे बंद होते. ताटात उरलेसुरले येते तेही शेवटी. नेमकी तीच वर्षे हाडे भरण्याची! आईबापांनो, मुलगी मैदानावर निघाली तर अडवू नका. तिच्या ताटातली भाकरी मुलाच्या भाकरीएवढीच असू द्या. तिशीनंतरही चालणे, व्यायाम सोडू नका. असलेली शिल्लक त्यानेच टिकते. पण भरण्याची वेळ तरुणपणाचीच, आणि ती पुन्हा येत नाही.